मुलांच्या कराटे स्पर्धा: फाईटला उतरवण्याआधी तुम्ही काय काय विचारता?

चिऊची आई
नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी झालीये, सांभाळून घ्या. माझी मुलगी ११ वर्षांची, तीन वर्षं कराटेला जाते, सोसायटीच्या हॉलमध्येच क्लास आहे. आतापर्यंत फक्त काता (एकटीने ठरावीक हालचाली करून दाखवायच्या) खेळायची, या वेळी पहिल्यांदा कुमितेला, म्हणजे प्रत्यक्ष फाईटला, नाव दिलं. रविवारी ओपन स्पर्धा होती, पूर्व उपनगरातला एक हॉल. रिपोर्टिंग सकाळी सातला आणि हिचं नाव पुकारलं दुपारी साडेतीनला, तोवर पोटात एक वडापाव आणि फ्रूटी.

गट होता ‘११-१२ वर्षं मुली, ३५ किलोच्या वर’. वर म्हणजे किती वर ते कुठेच लिहिलेलं नाही. ही ३६ किलोची, समोरची वीतभर उंच आणि ५० च्या आसपास तरी असेल. सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नसेल, सरळ ठोसा नाकावर. रक्त आलं. पंचांनी थांबवलं, कोणीतरी टिश्यू आणला, तो नाकात कोंबला आणि पंचांनी तिलाच विचारलं, "खेळणार ना?" तिने माझ्याकडे बघितलं. मी कठड्याच्या पलीकडे, मला कळेचना काय खूण करावी, आणि तिने मान डोलावली. खेळली, हरली. गटात चारच मुली होत्या त्यामुळे ब्राँझ मिळालं.

डॉक्टर कुठेच नव्हता. टेबलावर प्रथमोपचाराची पेटी होती, त्यात कापूस, क्रेप बँडेज आणि दुखण्यावरचा स्प्रे. नवरा म्हणतो खेळ म्हटलं की लागणारच, सासूबाई म्हणतात भरतनाट्यमला घाला. चिऊला मात्र खेळायचंच आहे. मला एवढंच विचारायचंय की या स्पर्धांना काही नियम असतात की नाही? आणि पोरीने मान डोलावली म्हणून पंच तिला खेळवू शकतात का?

पंचकाका
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नाही. अकरा वर्षांच्या मुलीला विचारायचंच नसतं. रक्त आलं, खेळाडू पडला, डोळ्याला लागलं, की ‘यामे’ म्हणून थांबवायचं आणि डॉक्टरला मॅटवर बोलवायचं. डॉक्टर तपासतो, सांगतो, मग पंच निर्णय घेतात. मी चौदा वर्षं पंचगिरी करतोय, मुलं कायम ‘खेळतो’च म्हणतात. हात मोडलेला पोरगा पण ‘खेळतो’ म्हणतो, कारण सर बघत असतात, आई बघत असते.

आता नियम. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत १४ वर्षांखालच्यांना चेहरा, डोकं, मान इथे स्पर्शच चालत नाही. हलका लागला तरी दंड. तंत्र बरोबर असेल तर चेहऱ्यापासून दहा सेंटीमीटरवर थांबवलेल्या ठोशालाही गुण मिळतो. म्हणजे तुमच्या मुलीचं नाक फुटलं तिथे समोरच्या मुलीला दंड व्हायला हवा होता, आणि मला वाटतं त्या मुलीलाही कोणी शिकवलेलं नसणार की ठोसा अलीकडे थांबवायचा असतो. फाईट दीड मिनिटाची. माउथगार्ड, ग्लव्ह्ज, शिनगार्ड, फूटगार्ड, बॉडी प्रोटेक्टर आणि लहानांना फेसमास्क.

तिने मास्क घातला होता का?

चिऊची आई
नाही हो काका. माउथगार्ड आणि ग्लव्ह्ज होते, शिनगार्ड क्लासचे उसने. मास्कचं कोणी बोललंच नाही.

पंचकाका
मग तिथे टेबलावर उपकरण तपासणीच झाली नाही. मॅटवर पाऊल टाकायच्या आधी ती व्हायला हवी, नखं कापलीयेत का, चष्मा काढलाय का, कानात काही आहे का इथपर्यंत.

लालबागचा जुना
मंडळी मी जरा वेगळं बोलतो. आम्ही ८० च्या दशकात खेळायचो, ना मास्क ना शिनगार्ड, सिमेंटवर सतरंजी टाकून. नाक फुटलं तर डोकं वर करून बसायचं आणि परत उभं राहायचं. पोरं घट्ट झाली त्याने. आता एवढं पॅडिंग घालतात की मार चुकवायला शिकतच नाहीत. ताई, तुमची मुलगी रक्त येऊन उभी राहिली, खेळली, याचं कौतुक करा, तिच्यात दम आहे.

डॉ. कांदिवली
दादा, दम आहेच. पण नाक फुटल्यावर डोकं वर करायचं नाही, रक्त घशात उतरतं, उलटी होते. पुढे झुकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा. कापूस कोंबायची गरज नसते.

आणि नाकापेक्षा मला काळजी आहे डोक्याची. मेंदूला हादरा बसला, ज्याला कन्कशन म्हणतात, त्यात बहुतेक वेळा शुद्ध हरपत नाही. पोरगं उभं असतं, चालतं, पण विचारलं की स्कोअर किती तर सांगता येत नाही, मागचा मिनिट आठवत नाही, उजेड नको वाटतो, मळमळतं. अशा पोराला परत उतरवलं आणि दुसरा हादरा बसला तर मेंदूला सूज येऊन जीवावर बेतू शकतं, आणि हा धोका लहान आणि किशोरवयीन मुलांत जास्त. म्हणून संशय आला की त्या दिवशीचा खेळ संपला, यात वाटाघाट नाही. पुढचे एक-दोन दिवस आराम, मोबाईल-टीव्ही कमी, मग हळूहळू चालणं, पळणं, सराव, आणि प्रत्यक्ष फाईट सगळ्यात शेवटी, डॉक्टरने हो म्हटल्यावर.

ताई, घरी आल्यावर तिला डोकेदुखी, उलटी असं काही झालं का?

चिऊची आई
डोकं दुखत होतं संध्याकाळी, मला वाटलं उपाशी असल्यामुळे. सोमवारी शाळेत गेली, आता ठीक आहे. डॉक्टर तुमचं वाचून पोटात गोळा आला.

डॉ. कांदिवली
घाबरू नका, पण एकदा तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या, आणि तोवर क्लासला सांगा काता चालेल, फाईट नाही.

ठाणेकर बाबा
आमचा मुलगा तायक्वांदो खेळतो. तिथे हाताने चेहऱ्यावर मारणंच बंद, लाथ चालते. छातीला होगू म्हणजे जाड कवच, डोक्याला हेडगार्ड, हातापायांना गार्ड, सगळं सक्तीचं. मोठ्या स्पर्धांत होगू इलेक्ट्रॉनिक असतो, पायमोज्यात सेन्सर, पुरेसा जोर लागला की गुण आपोआप. पोटाला लाथ दोन गुण, डोक्याला तीन, गिरकी घेऊन मारली तर त्याहून जास्त. माझं मत विचाराल तर ताई तायक्वांदोला टाका, हेडगार्ड असतो तर बिनधास्त.

डॉ. कांदिवली
ठाणेकर, बिनधास्त नका राहू. हेडगार्डने कातडी फाटत नाही, कान वाचतो, पण आतला हादरा तो थांबवत नाही. शहाळं फडक्यात गुंडाळून हलवलं तरी आतलं पाणी हलतंच. बॉक्सिंगमध्ये २०१३ साली पुरुषांच्या वरिष्ठ गटातून हेडगार्ड काढला, रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बिनहेडगार्डचे खेळले, त्यावर आजही वाद आहे. पण त्याच बॉक्सिंगच्या नियमांत एक गोष्ट मला फार आवडते. डोक्याला मार बसून लढत थांबली की किमान ३० दिवस रिंगबाहेर. तीन महिन्यांत दोनदा झालं तर ९० दिवस. वर्षात तीनदा झालं तर वर्षभर. हे आपल्या मुलांच्या स्पर्धांत कोण पाळतं? या रविवारी एका संघटनेची स्पर्धा, पुढच्या रविवारी दुसरीची, एकाची नोंद दुसऱ्याकडे नाही.

ठाणेकर बाबा
हे माहीतच नव्हतं. खरं आहे, आमचा दोन रविवार लागोपाठ खेळलाय. आणि हेडगार्डचं म्हणाल तर क्लासचा एकच, पाच मुलं आळीपाळीने घालतात, घामाने ओला आणि ढिला, लाथ बसली की फिरून डोळ्यांवर येतो. एकदा तर तो अर्धा राऊंड एकाच डोळ्याने खेळला.

पंचकाका
ढिला हेडगार्ड दिसला तर पंचांनी थांबवून बांधायला लावायला पाहिजे. यात पंचांचीच चूक.

घाटकोपरची माया
माउथगार्डवर कोणीतरी लिहा म्हणून वाट बघत होते, मीच लिहिते. माझा मुलगा १५ चा, गेल्या वर्षी सरावाच्या फाईटमध्ये, स्पर्धा पण नाही, नुसता क्लास. माउथगार्ड बॅगेत होतं. "पाच मिनिटं तर खेळायचंय" म्हणून घातलं नाही. समोरच्याची कोपर लागली आणि पुढचा दात मुळासकट मॅटवर. निळ्या मॅटवर पांढरा दात, आजही डोळ्यासमोर आहे. सगळे नुसते ओरडत होते. एक मुलगी, वय असेल सतरा, तिने दात वरच्या बाजूने उचलला, मुळाला हात लावला नाही, घासला नाही, खालच्या टपरीवरून थंड दूध आणलं पेल्यात आणि त्यात दात बुडवला. टपरीवाल्याने पैसे घेतले नाहीत. रिक्षाने डेंटिस्टकडे, ट्रॅफिक धरून चाळीस मिनिटांत पोचलो, त्यांनी दात परत बसवला, तार बांधली, पुढे रूट कॅनाल झालं. दात टिकलाय. डेंटिस्ट म्हणाले अजून तासभर उशीर झाला असता किंवा कागदात सुका गुंडाळून आणला असता तर अवघड होतं. (दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत, हे पण लक्षात ठेवा.)

त्या मुलीने हे शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला ऐकलं होतं. मोठ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

पांढरा पट्टा
बापरे माया. मी माझं माउथगार्ड आजच गरम पाण्यात टाकून परत बसवतो, सहा महिने नुसतं चावतोय.

घाटकोपरची माया
परत परत नका हो टाकू, आकार जातो. नवीन घ्या, दातापेक्षा स्वस्त आहे.

बोरिवली ४४
सुरक्षा सुरक्षा करून फाईटिंगचा जीवच काढलाय असं नाही वाटत? टोकियो ऑलिंपिक आठवा. ७५ किलोवरची फायनल, सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे, इराणच्या सज्जाद गंजजादेहला डोक्यात लाथ बसली, तो बेशुद्ध, स्ट्रेचरवर बाहेर. आणि सुवर्ण कोणाला? बेशुद्ध पडलेल्याला! शुद्धीवर आल्यावर त्याला कळलं की आपण चॅम्पियन. ज्याने मारलं तो बाद. अरे मग मारायचंच नसेल तर फाईट कशाला म्हणता.

पंचकाका
बोरिवली, ७ ऑगस्ट २०२१ ला ती फायनल बघून माझ्याही क्लासमधली मुलं असंच म्हणाली. पण नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता. लाथ डोक्याकडे जाऊ दे, तीन गुण मिळतात तिला, पण ताबा सुटून माणूस आडवा झाला तर ती कला नाही, चूक आहे. आवर घालता येणं हेच तर तिथे मोजलं जातं. ज्याला पूर्ण ताकदीने खेळायचंय त्याला क्योकुशिन ही कराटेचीच शैली आहे, किकबॉक्सिंग आहे, तिथले नियम वेगळे. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण जोर, पण हाताने डोक्यावर मारणं बंद, लाथ चालते. प्रत्येक खेळाने आपली रेषा कुठेतरी ओढलीये. मुलाला घालताना ती रेषा कुठे आहे ते आईबापांना माहीत पाहिजे, एवढंच.

बोरिवली ४४
ठीके, पटलं अर्धं. सुवर्णाचं अजून नाही पटत.

कुर्ला कुडो
उंची-वजनाचं कोणी बोललं नाही. कुडो या जपानी फाईटच्या खेळात गट नुसत्या वजनावर नसतो, उंचीचे सेंटीमीटर आणि वजनाचे किलो यांची बेरीज करतात आणि त्यावर गट पाडतात. वाढत्या वयाच्या मुलांना हे फार बरं पडतं. त्या वयात एक पोर पाच फुटाचं असतं आणि दुसरं अजून चार फुटाचं. चिऊच्या आईंच्या बाबतीत ‘३५ च्या वर’ हा उघडा गटच मुळात घातक होता. नावं कमी आली की आयोजक गट एकत्र करतात, कारण पदकं आणि ट्रॉफ्यांची संख्या छापून झालेली असते.

लालबागचा जुना
कुर्ला, हे मात्र तुम्ही एकदम जिव्हाळ्याचं बोललात. मघाशी मी पॅडिंगवर तावातावाने लिहिलं, पण आता आठवलं ते सांगतो. माझे वडील गिरणीत, आणि गिरणगावातल्या तालमीत कुस्ती करायचे. मला लहानपणी मैदानावर न्यायचे. तिथे कुस्ती अशीच लागत नाही, आधी जोड बघतात. दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करायचं, वस्ताद दंडाला हात लावून बघणार, मानेला बघणार, उंची बघणार, आणि जोड जमत नसेल तर सरळ "नाही लागणार" म्हणून दोघांना बाजूला. लोक ओरडले तरी नाही. आणि लागलेली कुस्ती फार ओढली गेली, एखाद्याचा दम तुटला, की पंच मध्ये पडून सोडवायचे. बरोबरीत सोडवली. त्यात कुणाची अब्रू जायची नाही.

माझंच आता लक्षात येतंय की आम्ही सतरंजीवर खेळलो तेव्हा मास्क नव्हता हे खरं, पण आमचे सर मॅटच्या इतक्या जवळ उभे असायचे की त्यांचा हात मध्ये यायचा. आजच्या स्पर्धेत चार मॅट एकदम चालू, चारशे पोरं, पंच सकाळपासून उभे, पाणी प्यायला वेळ नाही. सोडवणाराच नाहीये तिथे.

चिऊची आई
जुने काका, तुमचं हे वाचून मला नेमकं काय खुपत होतं ते सापडलं. लागलं त्याचं एवढं नाही. तिला सोडवायला कोणी नव्हतं. मीही नाही.

दादर शिवाजी पार्क
विषय निघालाच आहे तर वजन उतरवण्याबद्दल. परवा सकाळी पार्कात एक तेरा-चौदाचा मुलगा रेनकोट घालून पळत होता, एप्रिलच्या उकाड्यात. विचारलं तर म्हणे उद्या वजन आहे, दीड किलो उतरवायचंय, कालपासून पाणी बंद. वडील सायकलवर बाजूने. मी काही बोललो तर म्हणाले "जिल्ह्यातून वर गेला तर दहावीला क्रीडागुण मिळतात, तुम्ही देणार का?"

डॉ. कांदिवली
पाणी बंद करून उकाड्यात पळवणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. त्यात पाणी कमी झालेल्या अंगाने डोक्यावर मार घ्यायचा. वाढत्या वयात वरच्या गटात खेळा ना.

ठाणेकर बाबा
क्रीडागुणांमुळे खरंच खूप पालक घाई करतात. मी पण त्यातलाच होतो म्हणा.

वकीलीण विलेपार्ले
प्रवेशअर्जावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही घेतात, त्याबद्दल दोन ओळी. खेळात स्वाभाविक जो धोका आहे तो तुम्ही मान्य करता. आयोजकाने डॉक्टर ठेवला नाही, मॅटमध्ये फटी होत्या, गट भलतेच जोडले, हा निष्काळजीपणा तुमच्या सहीने माफ होत नाही. सही केली म्हणून गप्प बसू नका. नियमावली लेखी मागा, व्हॉट्सॲपवर मागितली तरी चालेल, तो पुरावा राहतो.

पांढरा पट्टा
मॅटच्या फटी!! माझा अंगठा गेलाय त्यात. ते कोड्यासारखे जोडायचे मॅट असतात ना, दुपारपर्यंत पोरांच्या पायांनी सरकतात, मध्ये बोटभर फट, पाय वळला की अंगठा आत आणि शरीर बाहेर.

पंचकाका
दर दोन-तीन तासांनी मॅट दाबून घट्ट करायला दोन स्वयंसेवक हवेत, आणि कडेला मोकळी जागा. रिंगण ८ मीटर बाय ८ चं, त्याच्या बाहेरही गादी पाहिजे, नाहीतर पोरगं मागे सरकत सरकत थेट पंचांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. मुंबईत हॉलचं भाडं आणि जागा बघता आयोजक तीनच्या जागेत चार मॅट बसवतात. त्यांची अडचण मला समजते, मी पण स्पर्धा भरवल्यात, पण मग प्रवेशिका कमी घ्याव्यात.

चिऊची आई
दहा दिवसांनी परत आले. अपडेट देते.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, सगळं ठीक आहे. क्लासच्या सरांशी बोलले. आधी त्यांना राग आला, "आमच्यावर विश्वास नाही का" वगैरे. मग मी चहाला बसवलं आणि इथलं सगळं सांगितलं, दहा सेंटीमीटरचं, ३० दिवसांचं, दुधातल्या दाताचं, जोड बघण्याचं. ते गप्प ऐकत होते. म्हणाले त्या दिवशी माझी दोन मुलं एकाच वेळी दोन मॅटवर होती, मी चिऊच्या खुर्चीत नव्हतोच. हे मला माहीतच नव्हतं! म्हणजे तिच्या बाजूला कोचची खुर्ची रिकामी होती म्हणून ती माझ्याकडे बघत होती.

आता ठरलंय की खुर्चीत माणूस असल्याशिवाय कोणी मॅटवर चढणार नाही. मोठ्या मुलांपैकी एक बसेल, सर नसले तर. क्लासने वर्गणी काढून चार मास्क घेतले. पुढच्या महिन्यात एक स्पर्धा होती, मी आयोजकांना फोन केला, डॉक्टर कोण आणि किती वाजेपर्यंत? ते म्हणाले, असतील, काळजी करू नका. गट वरून किती किलोला बंद? म्हणाले, त्या दिवशी बघून ठरवू. नाव काढून घेतलं. चिऊ दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पंचकाका, एक विचारायचं होतं. खेळाडूने स्वतः थांबायचं म्हटलं तर चालतं का? तिला वाटतं की तसं केलं तर पट्टा काढून घेतात.

पंचकाका
चालतं! पट्टाबिट्टा कोणी काढून घेत नाही. माघारीला ‘किकेन’ म्हणतात, समोरची जिंकते आणि आपण वाकून बाहेर यायचं. तिला म्हणावं हात वर करून पंचांकडे बघ, आणि तोंडाने मोठ्याने "थांबा" म्हण. माउथगार्डमुळे नीट ऐकू येत नाही म्हणून हात महत्त्वाचा. घरी सराव करून घ्या, खरंच. भांबावलेल्या मुलाला सराव नसलेली गोष्ट सुचत नाही.

चिऊची आई
काल रात्री जेवणानंतर केला. गादी अंथरली, बाबा समोरचा खेळाडू, मी पंच, सासूबाई कोचच्या खुर्चीत. पहिल्या दोन वेळा तिने हात अर्धाच वर केला आणि माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा पूर्ण वर केला आणि इतक्या जोरात "थांबा" म्हणाली की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या काय झालं म्हणून.

लालबागचा जुना
शाब्बास. पुढची स्पर्धा कुठे, कधी, ते इथे कळवा. मी येतो, खुर्ची कमी पडली तर मी बसेन.

घाटकोपरची माया
मी पण. दुधाचा डबा घेऊन येते.